प्राण्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला काम करायचंय. नाशिकमध्ये कुणाला अनुभव आहे का?

मखमलाबादची
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते.

मी बी.कॉम., वय २६. कॉलेज रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं काउंटरला आहे. नावनोंदणी, बिलं, रिपोर्ट देणं, दिवसभर फोन. काम अंगवळणी पडलंय, त्रास असा काही नाही.

मागच्या श्रावणात आमची चिंगी (मांजर) आजारी पडली. आठ दिवस रोज संध्याकाळी तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेत होते. तिथे काउंटरला एक ताई होत्या. तिसऱ्या दिवशी मी आत पाऊल टाकलं आणि त्यांनी विचारलं, "चिंगीनं आज काही चाटलं का?" एवढ्या गर्दीत तिचं नाव त्यांच्या लक्षात होतं, आणि कालपर्यंत ती काहीच खात नव्हती हेही. समोर एक जर्मन शेफर्ड बसला होता म्हणून त्यांनी उठून टोपलीवर आपला नॅपकिन टाकला. चिंगीचं गुरगुरणं थांबलं. चिंगी बरी झाली, पण तो नॅपकिन माझ्या डोक्यातून जात नाही. मला हे काम करायचंय.

दोन ठिकाणी विचारून आले. एका ठिकाणी म्हणाले, सगळं करणारी मुलगी पाहिजे, म्हणजे फरशी पुसण्यापासून सलाईन लावण्यापर्यंत. दुसरीकडे म्हणाले, तीन दिवस येऊन बघा, जमलं तर बोलू.

यासाठी काही कोर्स लागतो का? पुढे वाढ आहे का? आईचं म्हणणं, "माणसांच्या लॅबमधून उठून कुत्र्या-मांजरांत कशाला जातेस?" तिला काय सांगू ते कळत नाहीये. जाणकारांनी लिहावं.

---

इंदिरानगरचे_काका
रविवार, रात्री १०:५०

बाळ, तुझी तळमळ पोचली. पण मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलंय, म्हणून आधी व्यवहाराचं सांगतो. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) १० पासून. प्राण्यांच्या बहुतेक दवाखान्यांत चार-पाचच माणसं असतात. म्हणजे दोन्ही मिळणार नाही असं धरून चाल आणि आरोग्य विमा स्वतः काढ. पगार, सुट्टीचा वार, कामाची वेळ आणि कामाचं स्वरूप कागदावर लिहून घे. "सगळं करणारी मुलगी" हा शब्द आला की मी तरी दोन पावलं मागे सरकेन. लॅबचा राजीनामा तीन दिवस बघून झाल्यावरच दे, त्याआधी नको.

---

काउंटरपलीकडे
सोमवार, दुपारी २:३५

मखमलाबादची, तुझं लिहिणं वाचून राहवलं नाही. मी नाशिकमध्येच एका दवाखान्यात ११ वर्षं काउंटर सांभाळते. दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा सविस्तर लिहिते.

कोर्स लागत नाही. आपल्याकडे या कामाला नोंदणी, परवाना असं काही नाही. बारावी किंवा पदवी, मराठी-हिंदी चांगलं, कामापुरतं इंग्रजी आणि कॉम्प्युटरवर हात बसलेला, एवढ्यावर घेतात. म्हणून लोकांना वाटतं की नंबर लावायचे आणि पैसे घ्यायचे, झालं.

खरं काम फोनवर असतं गं. एक प्रसंग सांगते. मे महिना, रात्रीचे सव्वाआठ, शटर अर्धं खाली ओढलेलं. पाथर्डी फाट्याहून एका गृहस्थांचा फोन. "बोक्याला बद्धकोष्ठ झालंय. सकाळपासून कुंथतोय. उद्या अकराची वेळ द्या." उद्या अकराची वेळ मोकळी होती. वहीत लिहून फोन ठेवला असता तर मला कुणी बोल लावला नसता. मी विचारलं, "शू कधी केली?" ते म्हणाले, "सारखा त्याच्या ट्रेमधल्या मातीत जाऊन बसतो ना, म्हणून तर म्हणतोय, त्याला संडासला होत नाहीये." म्हटलं, "मातीला हात लावून बघा, ओली आहे का." रिसीव्हर बाजूला ठेवून गेले. परत आले तेव्हा आवाज बदललेला होता. "कोरडी आहे हो सगळी."

म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघा, मी डॉक्टरांना थांबवते. डॉक्टर स्कूटर सुरू करत होते, मी रस्त्यावर पळत जाऊन हाक मारली. बोक्याची लघवी तुंबली होती. रात्री दहापर्यंत नळी घालून मूत्राशय रिकामं केलं. सकाळी अकरापर्यंत तो राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

मातीला हात लावून बघा, हे मला कुणी शिकवलं? माझ्या दुसऱ्या वर्षी असाच एक फोन आला होता, अगदी याच शब्दांत. तेव्हा मी सकाळची वेळ दिली होती.

म्हणून सांगते, शिकायचं असेल तर विचारायला शीक. वय काय, वजन किती, नर की मादी, लस झालीये का, शेवटचं खाल्लं कधी, पाणी पितोय का, शी-शू कधी, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या. मालक आपल्याला आजाराचं नाव सांगतात. आपण त्यांच्याकडून जे दिसतंय ते काढून घ्यायचं.

आता दवाखान्यातलं. कोण कुठे बसणार हे तू ठरवायचं. मांजरं भिंतीच्या बाजूला, टोपली जमिनीवर न ठेवता बाकावर, वरून कापड. तू जो नॅपकिन पाहिलास तो उगाच नव्हता. समोरचं दिसेनासं झालं की मांजर शांत होतं. कुत्र्यांचे पट्टे आखूड धरायला सांगायचे. "आमचा काही करत नाही" म्हणणाऱ्याला आधी सांगायचं. पिल्लाला रक्ताची हगवण आहे, लस झालेली नाही, असं फोनवर कळलं की त्याला आत घ्यायचंच नाही. गाडीत किंवा रिक्षात थांबवायचं आणि केस पेपर घेऊन आपण बाहेर जायचं. तो पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा, पसरणारा आजार) असू शकतो आणि पार्व्होचा विषाणू फरशीवर, बाकावर महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनेलवर त्याबाबतीत विसंबू नये, ब्लीच लागतं. तुझ्या शेजारी पहिल्या लसीला आलेलं दीड महिन्याचं पिल्लू बसलेलं असतं, त्याचा जीव तुझ्या या एका निर्णयावर असतो.

लशींचा फ्रिजही बहुधा काउंटरकडेच येतो. २ ते ८ अंश. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा, लाईट गेली तर किती वेळ गेली तेही. त्यात डबा ठेवू द्यायचा नाही, अगदी डॉक्टरांचाही.

लॅबची सवय तुला इथे फार उपयोगी पडेल. नमुन्यावर नाव चुकलं तर काय होतं हे तुला सांगायला नको. आमच्याकडे एकाच महिन्यात पाच शेरू असतात, सगळे लॅब्रेडॉर, त्यातले दोन गंगापूर रोडचेच. म्हणून नावाने फाईल काढायची नाही, मालकाच्या मोबाईल नंबराने काढायची.

---

दोन_मांजरं
सोमवार, दुपारी ४:०५

कोरड्या मातीचं वाचून पोटात गोळा आला. माझा एक बोकाच आहे. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

---

खूर_आणि_पंजा
सोमवार, रात्री ९:२०

मी पशुवैद्य आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस करतो. वर ताईंनी लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. काही गोष्टी डॉक्टरच्या बाजूने सांगतो.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे प्राण्यांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे आहेत. रिसेप्शनला बसलेल्या माणसाने फोनवर औषधाचं नाव किंवा मात्रा सांगायची नाही, मालकाने कितीही गळ घातली तरी. सलाईन लावायला सांगणारा दवाखाना तुम्हाला अडचणीत आणेल. नम्रपणे नाही म्हणा.

पण काहीच सांगायचं नाही असंही नाही. माझ्या काउंटरच्या आतल्या बाजूला माझ्या सहीचा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलेलं काही आढळलं तर वेळ न देता लगेच बोलवायचं: नर मांजराला लघवी होत नाही, मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकारी येते पण काही पडत नाही, फिट थांबत नाहीये, उंदराचं औषध पोटात गेलंय, उन्हातून आल्यावर धाप थांबत नाही (पग असेल तर दोन मिनिटंही वाट बघायची नाही), कुत्री अर्धा तास जोराच्या कळा देतेय आणि पिल्लू येत नाही. त्याखाली लाल अक्षरात: मांजराला क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. "ताप वाटतोय, लहान मुलांचं क्रोसिन देऊ का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

आणि आपल्या जिल्ह्यापुरतं खास सांगायचं तर द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी सुरू झाली की दिंडोरी, ओझर, पिंपळगावकडचे फोन येतात. बागेत पडलेले मणी कुत्र्याने खाल्ले, नाहीतर बेदाण्याच्या शेडमध्ये शिरला. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. किती खाल्ल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही. पहिल्या दोनेक तासांत आला तर आम्ही उलटी काढू शकतो. म्हणून फोन घेणाऱ्याने "किती वाजता खाल्लं?" हे विचारून लिहून ठेवलं की माझं अर्धं काम होतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, हेही त्याच फोनवर सांगायचं. त्याने वेगळीच विषबाधा होते.

स्वतःसाठी: रुजू होण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून रेबीजच्या प्रतिबंधक लशीचा कोर्स पूर्ण करा, धनुर्वाताचं इंजेक्शनही. तरी कधी चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गर्दी आहे म्हणून दुपारवर ढकलायचं नाही.

---

निफाडकर_गोठेवाला
मंगळवार, सकाळी ६:४८

ताई, आमच्याकडं ११ गाई आहेत. शहरातल्या दवाखान्याला आम्ही पण फोन लावतो बरं का, कारण गाय अडली की माणूस जो नंबर हाताशी असेल तो फिरवतो. समोरच्या बाईनं "इथे फक्त कुत्री-मांजरं बघतो" म्हणून फोन ठेवला की लई वाईट वाटतं. मागं एकीनं असं केलं नाही. तिनं विचारलं, कितव्या वेताची, कळा कधीपासून, पाय दिसतात का. मग म्हणाली, काका, १९६२ ला फोन लावा, सरकारी फिरता दवाखाना आहे, मी तोवर तुमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांचा नंबर बघते. आणि खरंच पाच मिनिटांत तिचा परत फोन आला. कालवड झाली. तिचं नाव आम्ही लक्ष्मी ठेवलं, फोनवालीचं पण तेच होतं म्हणून.

व्याल्यावर वार (जार) पडली का, दूध कमी झालं का, रवंथ करते का, एवढे चार शब्द शिकून घ्या. शेतकऱ्याला बरं वाटतं.

---

लीड्सची_लेक
मंगळवार, दुपारी ३:३०

मी मूळची सिडकोतली, आता इंग्लंडात. इथे पशुवैद्यकीय नर्स हा वेगळा, नोंदणीकृत पेशा आहे आणि ती नोंदणी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सकडे असते. रिसेप्शनला मात्र इथेही परवाना लागत नाही, कामातच शिकतात. म्हणून "कोर्स नाही म्हणजे फालतू काम" असं आईला वाटत असेल तर तसं नाही हे तिला सांग. नर्सचा असा नोंदणीकृत पेशा तिकडे असता तर तुझ्यासारख्या मुलींना पुढची पायरी मिळाली असती, असं मला मनापासून वाटतं.

---

मखमलाबादची
मंगळवार, रात्री ११:०२

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोनदा वाचून काढलं. आईलाही वाचून दाखवलं. गाईच्या प्रतिसादाला तिने हातातलं काम थांबवलं.

काउंटरपलीकडे ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पैशांचं कसं करता? आणि जेव्हा प्राणी जाणार असतो, तेव्हा? मला त्याचीच भीती वाटते. चिंगीच्या वेळी तिथे एक आजोबा रिकामा पट्टा हातात धरून बसले होते, ते मला अजून दिसतात.

---

काउंटरपलीकडे
बुधवार, दुपारी २:५०

पैशांचं आधी बोलायचं, आणि हळू आवाजात बोलायचं. ऑपरेशन ठरलं की डॉक्टर अंदाज देतात, तो मी कागदावर लिहून मालकाच्या हातात ठेवते. तोंडी सांगितलेला आकडा काळजीत असलेल्या माणसाच्या डोक्यात राहत नाही, मग शेवटी भांडण होतं. कुणाची ऐपत नसेल तर ते चारचौघांत बोलायला लावायचं नाही. आत डॉक्टरांना जाऊन सांगायचं, हप्ते किंवा सूट हा त्यांचा निर्णय. आपण परस्पर शब्द द्यायचा नाही. जीव तुटतो, पण नाही द्यायचा.

आता दुसरं. इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायचं ठरतं, तेव्हा मी शक्यतो दिवसातली शेवटची वेळ देते. बाकावर कुणी नसतं, फोन मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. संमतीच्या कागदावर सही आणि बिल दोन्ही आधीच. नंतर त्या माणसाला काउंटरसमोर उभं राहून सुट्टे पैसे मोजावे लागू नयेत. पट्टा धुवून, पुसून, कागदी पिशवीत घालून देते. बाहेर पडताना काही बोलत नाही, गाडीपर्यंत सोबत जाते.

आणि त्याच रात्री, घरी जाण्याआधी, कॉम्प्युटरमधून त्या प्राण्याचं नाव लशीच्या आठवणीच्या यादीतून काढते. हे कधीही उद्यावर टाकू नकोस. आमच्याकडे एकदा राहून गेलं. तीन आठवड्यांनी त्या घरी मेसेज गेला, "ब्रूनोच्या लशीची तारीख जवळ आली आहे." त्या काकूंचा फोन मीच घेतला. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या रडत होत्या.

पगाराचं काकांनी सांगितलंच आहे. मी सांगते ते वाढीचं. पाच-सहा वर्षांनी माझ्याकडे औषधांची खरेदी, साठा, एक्स्पायरी, सगळ्यांच्या ड्यूट्या आल्या. आता मला व्यवस्थापक म्हणतात आणि पगारही तसा आहे. माझ्याबरोबरची एक जण पशुखाद्याच्या कंपनीत विक्रीला गेली, एकीने आडगावला घराजवळ कुत्री सांभाळायचं सुरू केलं. डॉक्टर मात्र या वाटेने होता येत नाही. त्याला बारावी सायन्स जीवशास्त्रासह, 'नीट' ही प्रवेश परीक्षा आणि मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी लागते. हे तुला ठाऊक असेलच, पण दरवर्षी एखादी मुलगी ही आशा धरून येते, म्हणून स्पष्ट लिहिलं.

---

इंदिरानगरचे_काका
बुधवार, सायंकाळी ७:१५

काउंटरपलीकडे ताई, तुमची यादीतून नाव काढायची गोष्ट वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आमचा मोती जाऊन सहा वर्षं झाली. त्या दवाखान्यातून नंतर एकही मेसेज आला नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

---

मखमलाबादची
पुढचा शनिवार, रात्री ११:४०

धागा वर काढते.

तीन दिवस जाऊन आले. लॅबमध्ये रजा टाकली होती. दवाखाना दुसरा, "येऊन बघा" म्हणणारा. डॉक्टरांना खूर_आणि_पंजा यांच्या कागदाबद्दल विचारलं. ते म्हणाले, असा कागद नाही, पण असायला हवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लिहून सही करून दिला. काकांनी सांगितलेलं सगळंही कागदावर मिळालं: सुट्टी सोमवारी, वेळ दहा ते एक आणि पाच ते साडेआठ, सलाईन-इंजेक्शन माझ्याकडे नाही. पगार लॅबपेक्षा दीड हजाराने कमी आहे. घरी बोलून मी हो म्हटलंय. एक तारखेपासून रुजू होते. रेबीजचा पहिला डोस काल घेतला.

पहिल्या दिवशी नुसती वजनं केली. कुत्रा वजनकाट्यावर उभाच राहत नाही, आणि मालकाने त्याला हाक मारली की उतरून मालकाकडे जातो. मालकालाच काट्याच्या पलीकडे उभं करायचं, हे मला दुसऱ्या तासाला सुचलं.

आज संध्याकाळी पाऊस होता. सहाच्या सुमारास फोन आला, बाई पंचवटीतून बोलत होत्या. तीन महिन्यांचं पिल्लू, दोन दिवस उलट्या, आज रक्त पडतंय. मी विचारलं, लस? नाही. "रिक्षातच थांबा, मी बाहेर येते," म्हटलं. आत बाकावर दोन लहान पिल्लं होती, एक तर नुकतंच घरी आणलेलं. छत्री आणि केस पेपर घेऊन बाहेर गेले. पिल्लू टॉवेलात गुंडाळलेलं, डोळे अर्धे मिटलेले. बाईंच्या ओढणीला वास येत होता, त्या सारख्या सॉरी म्हणत होत्या. हिरड्या बघितल्या, अगदी फिकट. लिहिलं. रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, तुमचं होऊ द्या, मी मीटर बंद केलंय." डॉक्टर मागच्या दाराने आले, मागच्या वेगळ्या खोलीत घेतलं. नंतर मी ब्लीचचं पाणी करून मागची पायरी धुतली, रिक्षाची सीटही पुसून दिली.

तपासणीत पार्व्होच निघाला. पिल्लू सलाईनवर आहे. बाईंना घरी पाठवताना त्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून फोन केला. अजून ठेवलंच नव्हतं म्हणाल्या. केस पेपरवर सध्या नुसतं "पिल्लू, पंचवटी" आणि त्यांचा मोबाईल नंबर आहे.

तीन दिवस संपले तरी उद्या सकाळी दहाला जाणार आहे. रविवारी दवाखाना अर्धा दिवस चालू असतो.